आभाळातल्या माणसांचं सुतक

ज्या साली मेंढरांवर देवीचा रोग आला, त्या साली मला शाळेत घातलं. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, असं लोक भाषणात सांगतात. आमच्यात तसं काही झालं नाही. राखायला कोकरं उरली नव्हती म्हणून मी मोकळी होते. आश्रमशाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, असं पिशोरच्या बाजारात कुणीतरी दादांना सांगितलं होतं. वडलांना आम्ही दादा म्हणतो. ते मला शाळेच्या ओट्यावर बसवून माघारी फिरले आणि थेट खड्डे खणायला गेले. मेलेली मेंढरं पुरून पुरून त्यांच्या हाताची सालं निघाली होती.

आमचा वाडा म्हणजे भिंतींचा वाडा नव्हे. चार-सहा घरांची मेंढरं, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, कुत्री, टोपलीतल्या कोंबड्या, हे सगळं मिळून वाडा. दिवाळी झाली की वाडा निघायचा, कन्नडचा घाट उतरून खानदेशात जायचा. तिथं शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी. रोगाच्या साली एकाही शेतकऱ्यानं मेंढरांना रानात पाय ठेवू दिला नाही. लोकांनी काढून नेलेल्या हरभऱ्याच्या रानात आई राहिलेले घाटे वेचत हिंडली आणि तेच शिजवून सगळ्यांना घातले. शाळेत मात्र मला भात मिळत होता. तो खाताना मला बरं वाटायचं. लाजबीज काही वाटत नव्हती.

शाळेत मास्तरांनी मला नवं नाव दिलं. घरी लाडाचं एक नाव होतं, ते कागदावर शोभणारं नव्हतं. मास्तरांनी ठेवलेलं नाव दादांना बरीच वर्षं धड आठवलं नाही. याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पुढं त्याच्यापायी माझ्या नावानं रडारड झाली, ते सांगते.

बारावी झाल्यावर मी शहरात आले. तेव्हा औरंगाबादच म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर. विज्ञान शाखा घेतली, भौतिकशास्त्र घेतलं, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. आमच्या सगळ्या वाड्यांत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं की दादा म्हणायचे, "आभाळाचं शिकती." मी एकदा त्यांना तारे, ग्रह आणि प्रकाश यांच्याबद्दल काही सांगितलं होतं. त्यातलं त्यांनी एवढंच ठेवलं आणि खानदेशातल्या झाडून सगळ्या वाड्यांवर सांगून टाकलं.

शेवटच्या वर्षाला होते. शनिवारची संध्याकाळ. वसतिगृहाच्या मेसमध्ये टीव्ही चालू होता, आम्ही ताटं घेऊन बसलो होतो. बातम्या मध्येच आल्या. सात अंतराळवीरांना घेऊन परत येणारं अमेरिकेचं यान उतरायच्या थोडं आधी फुटलं होतं. निळ्या आभाळात एक पांढरी रेघ दिसत होती, मग एकीच्या तीन-चार झाल्या. त्या सातांत आपल्या देशात जन्मलेली, इथंच शिकून तिकडं गेलेली एक बाई होती. तिचा फोटो पेपरातून कापून मी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. नारिंगी कपडे घातलेली, बारीक चणीची. मैत्रिणींनी माझ्याकडं बघितलं. मी जेवत राहिले. काय करावं ते कळत नव्हतं म्हणून जेवत राहिले.

त्यानंतर मला बसवेना. वाचायला बसले की उठायचे. गच्चीवर जायचे, खाली यायचे, पुन्हा गच्चीवर. दुसऱ्या दिवशी शहागंजात आलेख कागद आणायला निघाले आणि चालत चालत क्रांती चौकात जाऊन उभी राहिले. कागद आणलेच नाहीत. डोक्यात एकच भुंगा. जाताना नाही, येताना गेले. काम झालेलं, सामान आवरलेलं, घरची माणसं तळावर उभी. त्यांना कळलं असेल का, आणि किती वेळ कळत होतं?

सोमवारी वर्गात सरांनी एक मिनिट उभं केलं. मिनिट झाल्यावर म्हणाले, "बसा," आणि फळ्यावर भिंगाचं सूत्र काढलं. सरांचं काही चुकलं नाही, पोर्शन राहिला होता. पण माझे पाय टेबलाखाली हलत होते. आमच्यात वाटेवर माणूस गेलं तर वाडा हलत नाही. मेंढरं उपाशी ओरडली तरी तो दिवस जागेवर काढायचा. जिथं माणूस पडलं तिथं दगड मांडायचा, त्याला भंडारा लावायचा, म्हणजे हळद. आणि पुढच्या साली त्या जागेवरून कळप नेताना सगळ्यांच्या पुढं गेलेल्याच्या घरचं माणूस चालतं. वाट बदलायची नाही, अशी रीत आहे. माझा चुलता असाच गेला होता, घाट चढून घरी येताना, वळणावर ट्रकखाली. तोही येतानाच. मला दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवता येईनात.

मग मी ग्रंथालयात बसले, म्हणजे बसले-उठले. मिळेल ते वाचलं. जमिनीवरच सराव करताना आगीत गेलेले तिघं. उतरताना यानातली हवा निघून गेली आणि खुर्चीत बसल्या जागी गेलेले तीन रशियन, दार उघडलं तेव्हा झोपल्यासारखे दिसत होते म्हणे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटलेलं दुसरं एक यान, त्यातही सात होते, आणि त्यातली एक शाळेत शिकवणारी बाई. तिचे विद्यार्थी टीव्हीवर बघत होते. हे वाचून जीव शांत होईल असं वाटलं होतं. उलट झालं. प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं, आणि वर्णपटमापीचा, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजायच्या यंत्राचा, स्क्रू फिरवताना मला एकही रेघ नीट धरता येईना. एकदा तर मनात आलं, सोडावं हे सगळं. मेंढरामागं चालताना निदान पायांना काम असतं.

अशातच, आठवडाभरात, मी वसतिगृहाच्या नळावर कपडे धूत होते आणि फाटकाशी गलका ऐकू आला. आमचा चौकीदार कुणाला तरी अडवत होता. "चाचा, अंदर नको जाव. लडक्यां रहते इधर."

"मला पेटी न्यायचीय," असं कुणीतरी म्हणत होतं. "पोरीची पेटी. तेवढी द्या, मी जातो."

आवाज दादांचा होता. मी ओल्या हातांनी तशीच गेले. फाटकाबाहेर दादा आणि माझी चुलती, घाटात गेलेल्या चुलत्याची बायको, मी तिला काकी म्हणते, उभे होते. दादांनी मला पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. रस्त्यावर, धुळीत.  काकीनं माझा दंड धरून दाबून पाहिला, भाजी निवडताना दाबतात तसा.

"हाय बाबा," ती दादांना म्हणाली. "जित्ती हाय. वाळलीया, पण हाय."

लिंबाच्या झाडाखाली तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्या एका वाड्यावरच्या आमच्या पाहुण्यानं शेतकऱ्याच्या ओसरीवरचा टीव्ही अंगणातून पाहिला होता. त्याला कळलं ते एवढंच, आभाळाचं शिकलेली आपल्याकडची पोरगी वरून खाली येताना गेली. टीव्हीवर नाव सांगत होते, पण माझं शाळेतलं नाव त्याला कुठं माहीत. त्यानं मला बघितलेलं ते परकरात. तो तसाच सायकल मारत आमच्या वाड्यावर आला आणि दादांच्या गळ्यात पडला.

"मंग तुम्ही कुणाला विचारलं नाय?" मी म्हटलं.

"काय इचारायचं?" दादा म्हणाले. "मेल्याची खबर आली तर माणूस रडतंय. खरी हाय का म्हणून चौकशी करत बसतंय व्हय?"

"सुतक धरलं," काकी म्हणाली. "वाडा जागचा हलवला नाय. चार वाड्यांवरच्या बायका येऊन रडून गेल्या. तुझं लई चांगलं बोलत व्हत्या. जित्तेपणी कुणी बोललं नाय एवढं."

"अन् तू रडलीस का?"

"रडले की. पण मला एक पटंना. ती म्हणं अमेरिकेतून वर गेली. म्हटलं, आपली पोरगी अजून मुंबईला गेली नाय, ही अमेरिकेला कवा गेली? तुझा बाप म्हणला, कॉलेजवाल्यांनी नेली आसंल. म्हटलं चल, निदान कपडे तरी घेऊन येऊ."

मी हसले. एकटीच हसले. मग विचारलं, "आई?"

आई वाड्यावरच होती, कुणीतरी पाजलं तर पाणी पीत होती. आम्ही पळत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करायला गेलो. ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं होती त्याच्या घरचा नंबर दादांच्या टोपीत चिठ्ठीवर होता. त्यांनी आईला बोलावून आणेपर्यंत आम्ही काचेच्या खोक्यात तिघं कोंबून उभे. मग आईचा आवाज आला.

"कोण?"

"मी बोलतीय आई."

"मी कोण?"

मी लाडाचं नाव सांगितलं.

"नाव कुणी बी सांगंल," आई म्हणाली. "तुला कुत्रं कुठं चावलं व्हतं?"

"डाव्या पोटरीला."

"कुणाचं कुत्रं?"

"आपलंच. मी त्याची भाकर घेतली म्हणून."

 मग आई म्हणाली, "घरी ये," आणि तिला बोलता येईना म्हणून शेतकऱ्याच्या बायकोनं फोन ठेवला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "चल. सामान बांध."

मला वाटलं चार दिवसांसाठी म्हणतात. तसं नव्हतं. कायमचं यायचं होतं. मामांकडून माझी मागणी आली होती, वर्षभर दादांनी ती माझ्या शिक्षणावर ढकलली होती. आता ते ढकलणार नव्हते.

"प्रॅक्टिकल आलंय दादा. मग लेखी. एवढं झालं की मी पदवीधर."

"मला नगं."

"मला पाहिजे."

"एकदा तू मेलेली ऐकलीया," दादा म्हणाले. "पुन्हा ऐकायची नाय. त्या आभाळात काय ठिवलंय तुझं?"

"मी काय आभाळात जाणाराय का? मी इथं भिंगं पुसते, रीडिंग घेते."

"ती बी आधी भिंगंच पुसत आसंल."

 तिनं कधीतरी पुसलीच असणार.

आम्ही चालत राहिलो, कारण तिघांपैकी कुणाला एका जागी थांबवत नव्हतं. मकबऱ्याच्या बाजूनं विद्यापीठाकडं आणि तिथून मागच्या टेकडीच्या पायवाटेला लागलो. दादांना गवत दिसलं की पाय आपोआप तिकडं वळतात. वर गेल्यावर काकी दम खात एका खडकावर टेकली आणि म्हणाली, "त्या बाईला दगड मांडला का कुणी?"

"तिकडं करतील काहीतरी स्मारक."

"पडली कुठं ती?"

"तुकडे पडलेत. शेतांत, रानांत. गुरं राखणाऱ्या लोकांच्या कुरणांत. लोक रांगा करून शोधतायत, पोलीस, फौजेची माणसं, गावची माणसं. हाताला हात लावून चालतात आणि जमीन बघतात."

दादा ऐकत होते. "शोधत्यात का," ते म्हणाले. "मंग माणसं बरी हायत."

मग त्यांनी इकडं तिकडं बघून एक उभट दगड निवडला, घासून साफ केला आणि पूर्वेला तोंड करून उभा केला. कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला. काकी म्हणाली, "एकच? वर एकटीच गेली व्हती व्हय?"

"सात जण होते," मी म्हटलं.

"मंग बाकीच्यांना काय आया नव्हत्या?"

आम्ही आणखी सहा दगड आणले. मला मग राहवेना, मी ग्रंथालयात वाचलेले सांगितले. आगीतले तिघं, रशियन तिघं, शाळेच्या बाईसोबतचे. मी सांगत गेले तसे दादा दगड आणत गेले. रशियन म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. शाळेच्या बाईच्या दगडाला त्यांनी भंडारा जरा जास्तच लावला. मास्तर लोकांबद्दल त्यांना आदर आहे.

"त्यांना ठावं असतंय का," दादांनी विचारलं, "की जीव जाऊ शकतोय?"

"असतंय. माहीत असूनच जातात."

"मंग काहून जात्यात?"

"तुम्ही घाटात काहून जाता?"

"चाऱ्याला."

तेही चाऱ्यालाच जातात, असं काहीतरी छान मला म्हणता आलं असतं. सुचलं नाही. खरं तर मला ठाऊकच नव्हतं. मी खाली बघून बोटाला लागलेला भंडारा पुसत राहिले आणि दादांना वाटलं, झालं, पोरगी हरली. ते हात झटकून उठले. "चल. पाचची गाडी हाय."

तेव्हा काकी बसल्या जागेवरून म्हणाली, "माझा मालक घाटात गेला, त्याच्या पुढल्या साली मेंढरांच्या म्होरं कोण चाललं?"

"तू."

"कोण म्हणलं चाल म्हणून?"

"मीच म्हणलो. रीत हाय."

"त्या वळणावर माझं पाय उचलत नव्हतं. तू माघून वरडत व्हतास, थांबू नको म्हणून. आता ह्या बाईच्या आभाळाच्या वाटंवर म्होरं कोण चालणार?"

"तिच्या घरचं कुणीतरी चालंल," दादा म्हणाले. "ही कोण लागती तिची?"

"सुतक कुणी धरलं?"

दादांनी एक कललेला दगड सरळ केला.

"आपण धरलं," काकी म्हणाली. "चार वाड्यांनी धरलं. चूल बंद ठिवली, मेंढरं उपाशी ठिवली. चुकून धरलं म्हणून काय झालं, धरलं तर हाय. ज्याचं सुतक धरलं ते आपल्या घरचं. आता पोरीला न्यायची तर ने. मी काय तुझा हात धरत नाय. पण सगळ्या वाड्यांवर जाऊन तूच सांग, सुतक धरलं अन् वाट सोडली म्हणून. मी सांगायला यायची नाय."

दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. दगडांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार होते, काकीनं मला डोळ्यानं दटावलं. खाली शहराचा धूर दिसत होता, कुठंतरी भोंगा वाजला. दादा टेकडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. असं दोनदा केलं. कळप बसवायची जागा ठरवताना ते असंच करतात.

"परीक्षा होस्तवर," ते म्हणाले. "नापास झालीस तर दुसऱ्या दिवशी मेंढरामागं. तुझ्या मामाला मी तोंड देईन तवर."

"पास झाले तर?"

"तर तवाचं तवा."

स्टँडवर त्यांना गाडीत बसवलं. काकी खिडकीतून म्हणाली, "खात जा. आमी एवढं रडलो, ते तुझ्याकडं बघून वाया गेल्यासारखं वाटलं."

मी पास होईनच असं नव्हतं. हे लिहिताना सोपं वाटतं, तेव्हा नव्हतं. भुंगा गेला नव्हता, त्याच्यावर आता नापास होण्याची भीतीही येऊन बसली. अभ्यास मी फिरत फिरतच केला. वही हातात, गच्चीच्या कठड्याकडून टाकीपर्यंत. मैत्रिणी म्हणायच्या, "ही मेंढरं वळतीय." वळत होतेच. पाठ करताना चालणं आम्हाला जमतं, बसणं जमत नाही, हे मला त्या वर्षी कळलं आणि मग मी त्याबद्दल स्वतःला दोष देणं सोडलं.

प्रॅक्टिकलला नेमका वर्णपटमापीच वाट्याला आला. बाहेरून आलेले परीक्षक मागं उभे. पहिल्यांदा त्याच्या दुर्बिणीत उजेडाशिवाय काही दिसेना.  मी हात खाली घेतले, दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. परीक्षक म्हणाले, "कुठं निघालात?"

"कुठं नाही सर. पाय मोकळे केले."

 मी पुन्हा डोळा लावला, स्क्रू हळूहळू फिरवला आणि सोडियमच्या दिव्याच्या दोन पिवळ्या रेघा वेगळ्या झाल्या, एकमेकींना अगदी चिकटून पण वेगळ्या. मी रीडिंग घेतलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, यान उतरताना एवढं तापतं ते कशानं. मी सांगितलं. पुढची हवा दाबली जाते, तापते, आणि यानाच्या अंगावरचं संरक्षण जिथं फुटलेलं असेल तिथून ती आत शिरते. सांगताना रडू आलं नाही. मला वाटलं होतं येईल.

लेखी पेपर उन्हाळ्यात झाले. वाडा तोवर घाट चढून घरी आला होता. निकालाच्या दिवशी दादा काकीला घेऊन आपणहून शहरात आले, कॉलेजच्या फलकासमोर गर्दीत घुसले, आणि त्यांना वाचता येत नाही हे तिथं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं, "ह्याच्यात माझी पोरगी कुठंय?" त्यानं नाव विचारलं. दादांनी या वेळी माझं शाळेतलं नाव बरोबर सांगितलं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. ते वाटेत गाडीत पाठ करत आले होते, असं काकीनं नंतर सांगितलं.

मी बी.एस्सी. झाले, भौतिकशास्त्र घेऊन, दुसऱ्या वर्गात. त्याआधी आमच्या सगळ्या वाड्यांत कुणी पदवीधर नव्हतं, ना बाई ना बाप्या.